जांभळा स्प्रे आणि कोंबड्याचा फाटका तुरा

पाचपैकी तीन तारे. त्यातले अडीच रंगाला, उरलेला अर्धा औषधाला. घाईत असाल तर एवढं वाचून गेलात तरी चालेल. पण बाटली घ्यायचा विचार असेल तर पुढचंही वाचा, कारण ती कशासाठी घ्यायची आणि कशासाठी नाही हे लेबलवर धड लिहिलेलं नसतं.

मी बोलतेय तो परसात कोंबड्या पाळणारे लोक एकमेकांना हमखास सुचवतात तो जांभळा जंतुनाशक स्प्रे. छोटी बाटली, वर दाबायची तोटी, आत काळपट जांभळं पाणी. घटकांमध्ये कुठे जेन्शियन व्हायोलेट लिहितात, कुठे क्रिस्टल व्हायोलेट. दोन्ही एकच. सोबत बहुतेक वेळा अल्कोहोल असतं. कंपनीचं नाव देत नाही, कारण असलंच पाणी वेगवेगळ्या नावांनी मिळतं आणि माझं म्हणणं एका नावाबद्दल नाही, या सगळ्या जातीबद्दल आहे.

आता आमच्या घरचे दोन गडी. थोरला राव: उंच एकेरी तुरा, पाच दाते, मागचं पातं डोक्यापासून सुटून मागे गेलेलं. धाकटा बंड्या: तीन बुटक्या ओळींचा बसका तुरा, लांबून आहे की नाही ते कळतही नाही. दोघांच्या मधे जाळी. जाळीतून डोकं जात नाही, चोच जाते, आणि भांडायला तेवढी पुरते. दोघांची जुंपली की दरवेळी मार खातो तो राव, वयाने आणि वजनाने मोठा असूनही. बंड्याचा तुरा चोचीत सापडतच नाही, रावचा मात्र पकडायलाच केल्यासारखा उभा. मोठ्या एकेरी तुऱ्याचा कोंबडा पाळायचा तर जखमांचं सामान घरात ठेवायचंच. थंडीच्या मुलखात तर अशा तुऱ्याची टोकं गोठून काळी पडण्याचाही धोका जास्त.

यावेळी समोरून दुसरा दाता बुडापर्यंत चिरला होता आणि एका बाजूने लोंबत होता. रक्त इतकं की आधी मला वाटलं मानच गेली.

तुऱ्याच्या जखमेचं हे लक्षात ठेवा: ती असते त्यापेक्षा भयंकर दिसते. कोंबड्यांना घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्या धापा टाकतात, आणि तुरा व चोचीखालच्या लाल पाळ्या त्याच कामी येतात. त्यासाठी तिथे रक्त कातडीच्या अगदी जवळून खेळतं. चिरलं की भळाभळा वाहतं. त्यात कोंबड्याला डोळ्यावर आलेलं रक्त सहन होत नाही, तो मान झटकतो, आणि खुराड्याच्या भिंती, पाण्याचं भांडं, शेजारच्या कोंबड्या सगळे रंगून निघतात. कोंबडीच्या अंगात वजनाच्या साधारण ६ ते ८ टक्के रक्त असतं, म्हणजे अडीच किलोच्या कोंबड्यात १५० ते २०० मिलीलिटर. धडधाकट पक्ष्याच्या वजनाच्या १ टक्क्यापर्यंत रक्त तपासणीसाठी काढलं तरी तो ते सोसतो, असा पशुवैद्यांचा हिशेब आहे. अडीच किलोला २५ मिलीलिटर. भिंतीवर उडालेलं दोन चमचे रक्त पाहून खून झाल्यासारखं वाटतं, पण कोंबडा तेवढ्याने जात नाही. उरलेला तुरा पांढराफटक पडला, कोंबडा उभा राहताना डुलायला लागला किंवा डोळे मिटून बसला, तर मात्र फोन उचलायचा.

तर, रक्त वाहत असताना या स्प्रेचा उपयोग शून्य. अर्धा तारा तिथेच कापला. बाटलीवर रुबाबात ‘जखमेसाठी’ असं छापलेलं असतं आणि माणूस घाबरून आधी तीच हातात घेतो. वाहत्या रक्तावर फवारलं की जांभळं पाणी रक्ताबरोबर ओघळून डोळ्यात उतरतं. अल्कोहोलने झोंबतं ते वेगळंच. मग कोंबडा आणखी जोरात मान झटकतो आणि जे गोठत आलेलं असतं तेही सुटतं.

रक्त थांबवायला लागतं स्वच्छ फडकं आणि तुमचं बोट. कोंबडा जुन्या टॉवेलात गुंडाळा, पंख आत, पाय आत, डोकं तेवढं बाहेर. डोळ्यांवर टॉवेलचं टोक ओढलं की बहुतेक कोंबडे गप्प होतात. काखेत धरा, पण छाती दाबू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत-बाहेर होते. घट्ट आवळलं तर जखमेने नाही, तुमच्या मायेने मरेल. पाय धरून उलटा तर धरूच नका, रक्त डोक्याकडेच उतरणार. मग घडी केलेलं फडकं किंवा गॉज चिरेवर ठेवून तुऱ्याच्या दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबायचं. पाच ते दहा मिनिटं. मधे उचलून बघायचं नाही. हे सगळ्यात अवघड, कारण थांबलं का ते बघायची खाज सुटतेच, आणि दर वेळी फडकं उचललं की नुकती धरलेली गुठळी त्याच्याबरोबर निघते.

रक्त थांबवायची पिवळट किंवा तपकिरी पावडर मिळते, नख जास्त कापलं गेलं की लावतात ती. नखाला छान, तुऱ्याच्या उघड्या मांसाला नाही, ती जाळते. तुरटीही झोंबते, पण चोचीच्या किरकोळ जखमेला टोकाशी ओली करून टेकवली तर चालून जाते. खोल चिरेत तुरटीचा चुरा भरू नका. काहीच हाताशी नसेल तर दाबलेल्या जागी चिमूटभर कॉर्नफ्लोअर. ते नंतर धुतलं जातं आणि कुणाला जाळत नाही.

रक्त थांबलं की लगेच धुवायचं नाही. कोंबडा अंधाऱ्या खोक्यात शांत बसू दे, गुठळी जरा पक्की होऊ दे. मग मिठाचं पाणी: उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे साधारण दीड सपाट चमचे. सुई नसलेल्या सिरिंजने हलकी धार सोडायची, डोळ्यांपासून लांब, पाणी मागच्या बाजूला ओघळेल असं डोकं कलतं करून. चोचीच्या बुडाशी, तुरा सुरू होतो तिथेच, नाकपुड्या असतात. तिथे पाणी गेलं तर कोंबडा शिंकतो, जास्त गेलं तर छातीत उतरतं. याच कारणासाठी मी कुठलाही स्प्रे थेट तुऱ्यावर मारत नाही, हा जांभळाही नाही.

चिर धुतल्यावर आत पांढुरका, बुळबुळीत गर दिसला तर घाबरू नका, तो पू नाही. तुऱ्याचं मांस तसंच असतं. त्यात हायल्युरोनिक ॲसिड भरपूर असतं. माणसांच्या गुडघ्यात देतात त्या काही इंजेक्शनांसाठी ते कोंबड्याच्या तुऱ्यातूनच काढलं जातं. पू ओळखायचा असेल तर ध्यानात ठेवा, कोंबडीचा पू पातळ वाहत नाही, घट्ट चीजसारखा गोळा होतो. पिवळसर चोथा दिसला, वास आला, जागा गरम लागली, तर ते काम स्प्रेचं नाही.

आता स्प्रेची पाळी. कापसाचा बोळा, त्यावर दोन-तीन फवारे, आणि बोळा चिरेच्या कडेने टेकवत न्यायचा. रंग कसा पसरतो ते बघण्यासारखं असतं. तुऱ्याची कातडी वरून गुळगुळीत वाटते, पण तिच्यावर बारीक दाणे असतात. जांभळा रंग त्या दाण्यांच्या मधल्या फटींतून आपला आपण धावतो आणि दाणे लाल ठिपके होऊन वर राहतात. पहिल्या हाताने तुरा चितकबरा दिसतो. तो सुकू द्यायचा, मग दुसरा हात. दुसरा सुकला की लाल कुठे दिसत नाही. आणि लाल दिसू नये यासाठीच तर हा खटाटोप.

कोंबड्यांना लाल रंगाचं वेड असतं. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या, त्यांच्यात चार, आणि अतिनील प्रकाशही त्यांना दिसतो. ताज्या रक्ताचा ठिपका त्यांच्या नजरेतून सुटत नाही. एकीने टोचलं की दुसरी टोचते, आणि भांडणातून वाचलेला कोंबडा स्वतःच्याच कोंबड्यांच्या चोचींनी अर्धा होतो. माणसांना हे फार पूर्वी कळलं होतं. अमेरिकेत १९०३ साली कोंबड्यांच्या चष्म्याचं पेटंट दिलं गेलं. तो डोळे वाचवायला होता. पुढे लाल काचांचे चष्मे आले, का तर सगळंच लाल दिसलं की रक्त वेगळं उठून दिसणार नाही. हसू येतं, पण विचार बरोबर होता. बंद शेडमध्ये लाल दिवे लावायचीही पद्धत होती, त्यामागे तेच कारण. जांभळ्या स्प्रेने चष्मा कोंबड्यांना न लावता जखमेलाच लावला, एवढाच फरक.

आणि हे काम तो मनापासून करतो. रावच्या तुऱ्याकडे खुराड्यातली सगळ्यात आगाऊ तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, मान तिरकी करून बघायची, जवळ यायची, आणि चोच न मारता दाणे टिपायला निघून जायची. उघड्या लाल चिरेला तिने असं सोडलं नसतं. याला अडीच तारे, आणि त्यात मी कंजूषपणा करत नाही.

तुऱ्याचं मोल कळपात केवढं असतं हेही इथे सांगून टाकते. १८४९ मध्ये जर्मनीत गटिंगेन इथे आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी पट्ठ्या कोंबड्यांची वृषणं काढून पाहिली. ज्यांची काढली त्यांचा तुरा खुरटला, आरवणं आणि भांडणंही गेली. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा ठेवलं, भलत्या जागी का होईना, ते तुरेबाज राहिले, आरवत राहिले, भांडत राहिले. संप्रेरकांच्या अभ्यासाची सुरुवात इथून मोजतात. म्हणजे तुरा हा कोंबड्याच्या तब्येतीचा आणि मर्दुमकीचा जाहीर फलक आहे आणि बाकीच्या कोंबड्या तो रोज वाचतात. तुरा फाटका, रंगलेला, कोंबडा मलूल, म्हणजे जागा रिकामी झाली असा निरोप गेलाच. त्यामुळे नुसतं औषध लावून भागत नाही. त्याला कळपापासून फार दिवस लांब ठेवलं तर जखम भरते पण मान जातो, आणि परत सोडला की नव्याने मारामारी. मी मोठं डालगं कळपातच ठेवते, कोंबडा आत, बाकीचे बाहेर. एकमेकांना दिसतात, आवाज ऐकू येतो, चोच पोचत नाही. परत सोडायचं ते संध्याकाळी, सगळे दांडीवर चढले की.

स्प्रेमुळे हे डालग्याचे दिवस कमी होतात. खपली धरेपर्यंत मात्र वेगळं ठेवावंच लागतं, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो.

आता तक्रारींचा भाग. औषध म्हणून याला अर्धाच तारा का? एक तर जंतू मारण्यात तो काही फार मोठा तीर मारत नाही. काही जीवाणूंवर आणि बुरशीवर चालतो, बाकीच्यांवर फारसा नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जेन्शियन व्हायोलेटबद्दल कॅन्सरची शंका आहे. कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१९ मध्ये याच कारणाने माणसांना आणि जनावरांना ते वापरू नका असं सांगितलं. खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत त्याला बऱ्याच देशांत परवानगी नाही. दुकानदार हे सांगत नाही, आणि बाटलीवर असलंच तर भिंगाने वाचावं लागेल अशा अक्षरात असतं. लोक म्हणतात कोंबडा कुठे अंडी घालतो, त्याला लावलं तर काय बिघडलं. बिघडतं असं की तो रंग कोंबड्या टोचून खाऊ शकतात, आणि कोंबडाही अनेक घरी शेवटी पातेल्यातच जातो. आमचा राव म्हातारा होऊन मरणार आहे, हे घरात ठरलेलं आहे, म्हणून त्याच्यापुरता मी हा हिशेब जमवते. ज्यांचा कोंबडा खायचा आहे त्यांनी ही बाटली घेऊ नये. ज्यांच्या कोंबड्या रंग टोचून काढतात त्यांनीही नाही. आणि लावताना हातमोजे घालाच. आरोग्याचं एक कारण झालं. दुसरं हे की हा रंग बोटांवरून लवकर जात नाही आणि फरशीवरून तर जातच नाही.

मग खरं औषध कुठलं? माझ्या डब्यात पोविडोन आयोडीन असतं, दहा टक्क्यांची साधी बाटली. ती तशीच ओतायची नाही, उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळून फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाची करायची. घट्ट आयोडीन जंतूंबरोबर नवं मांसही मारतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तेच. फेस येतो म्हणून लोकांना तो साफ करतोय असं वाटतं, पण रोज लावला तर जखम भरायचीच राहते. हल्ली हायपोक्लोरस ॲसिडचा स्प्रे मिळतो, पाण्यासारखा दिसतो, झोंबत नाही, डोळ्याजवळ त्यातल्या त्यात कमी भीतीचा. औषध म्हणून मी त्याला जांभळ्याच्या बऱ्याच वर ठेवीन. पण त्याला रंग नाही! लाल जखम लालच दिसते. म्हणून तो डालग्यातल्या कोंबड्याला, जांभळा कळपात परतणाऱ्याला, अशी वाटणी मी केली आहे.

चंदेरी स्प्रेही वापरून पाहिला. त्यात ॲल्युमिनियमची बारीक पूड असते, सुकला की जखमेवर हवा खेळू देणारा पातळ पापुद्रा धरतो. गाईम्हशींना उत्तम. कोंबड्यांच्या बाबतीत मला एकच कळत नाही, चकाकणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर चोच मारणाऱ्या प्राण्याच्या डोक्याला चांदी लावायची कल्पना कुणाला सुचली? शिवाय तो दाबाच्या डब्यात येतो. फुस्स आवाज झाला की राव साप आल्यासारखा उडतो, आणि पक्ष्यांची फुप्फुसं व हवेच्या पिशव्या असल्या वाफाऱ्याला फार नाजूक असतात. निळा स्प्रे म्हणून एक असतो त्यात प्रतिजैविक असतं, बहुधा ऑक्सिटेट्रासायक्लिन. रंगाचं काम तोही करतो, पण तो पशुवैद्याने लिहून दिला तरच. साध्या चोचीच्या जखमेला प्रतिजैविक लागत नाही, आणि दिलं तर अंडी-मांस किती दिवस वापरायचं नाही हे पाळावं लागतं.

मलमांबद्दल दोनच सूचना, पण दोन्ही जिवाच्या. माणसांच्या मलमात दुखणं कमी करायचं औषध मिसळलेलं असेल, नावाच्या शेवटी ‘केन’ असलेलं, बेन्झोकेन, लिडोकेन वगैरे, तर ते मनाने कोंबड्याला लावू नका. पक्ष्यांना ते थोड्या मापातही बाधू शकतं. आणि दुखतंय म्हणून घरातली डायक्लोफिनॅकची गोळी चुरून देऊ नका. भारतीय उपखंडातली गिधाडं ज्या औषधाने संपत आली ते हेच. २००४ मध्ये ते सिद्ध झालं. गिधाड आणि कोंबडा एक नव्हे हे मान्य, पण घरच्या घरी प्रयोग करायची ही जागा नव्हे. वेदनेसाठी पशुवैद्य वेगळं औषध वजनाप्रमाणे देतात.

लोंबणाऱ्या तुकड्याचं काय करायचं हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. कात्री लावू नका. बुडाशी थोडा जरी जोडलेला असला आणि रंग लाल राहिला तर तो पुष्कळदा जगतो, वेडावाकडा का होईना. रक्त पोचत नसेल तर सुकतो, काळा पडतो, कडक होतो आणि स्वतःच गळतो. गेलेला दाता परत उगवत नाही. रावचा दुसरा दाता आता तिरका जुळलाय आणि टोक गेलंय. दिसायला बरा नाही पण त्याला आरसा कुठे आहे. तुकडा मोठा असेल, कवटीची कातडी उघडी पडली असेल, डोळा सुजला असेल किंवा दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, तर टाके घालायचे की तुकडा काढायचा हे पशुवैद्य ठरवतील.

स्प्रे सुकल्यावर रोज उजेडात नेऊन जखम बघायचीच, आणि इथे रंगाचा तोटा कळतो. जांभळ्याखाली काय चाललंय ते दिसत नाही. लाली वाढली का, कडा काळ्या पडल्या का, सगळं एकाच रंगात बुडालेलं. म्हणून मी चिरेच्या बाजूने रंगवते, चिरेच्या आत कमीत कमी, आणि बोटाने गरम लागतंय का ते चाचपते, वास घेते. उन्हाळ्यात, दमट हवेत माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात आळ्या पडू शकतात. रंग लावलाय म्हणून माशी येत नाही, असं अजिबात नाही. आळ्या दिसल्या तर वेळ न घालवता पशुवैद्य.

आणखी एक, हा स्प्रे घेऊन लोक जे भलतंच रंगवतात त्याबद्दल. तुऱ्यावर दिसणारा प्रत्येक काळा ठिपका चोचीची जखम नसतो. चामखिळीसारखे उंचवटे, त्यावर जाड काळपट खपल्या, डोळ्यांभोवती आणि पाळ्यांवरही, एकाच वेळी दोन-तीन कोंबड्यांना: ती देवी. विषाणूचा रोग, डास पसरवतात, लस असते. पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसला तर बुरशी. थंडीत फक्त टोकं पांढरट होऊन मग काळी पडली तर हिमदंश. त्यावर चोळू नका आणि गरम हवेचा झोत सोडू नका. आणि न फाटलेला तुरा सगळाच निळा-जांभळा पडला तर श्वासाचा, हृदयाचा किंवा मोठ्या आजाराचा इशारा आहे. त्या दिवशी जांभळा स्प्रे कपाटातच ठेवा, आणि अनेक पक्षी एकदम तसे दिसले किंवा मेले तर पशुवैद्यकीय खात्याला कळवा, कारण बर्ड फ्लूतही तुरे निळे पडतात.

घरातल्या भांडणावर बाटली हा उपाय नाही हेही ओघाने आलंच. जाळीच्या खालच्या बाजूला मी फळी ठोकून घेतली, कोंबड्याच्या डोक्याच्या वर जाईल एवढी उंच. एकमेकांचं तोंड दिसेना तशी जाळीजवळची युद्धं थंडावली. आवाजाची भांडणं चालू आहेत, त्याला कुणी स्प्रे काढलेला नाही. एकाच कळपात दोन कोंबडे ठेवणार असाल तर एकामागे आठ-दहा कोंबड्या तरी हव्यात आणि पळायला जागा हवी. खुराड्यात बाहेर आलेले खिळे, तारेची टोकं हाताने चाचपून बघा. चकाकणारा पत्राही झाकून टाका, स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडून तुरा फोडून घेणारे शहाणेही असतात.

घेणारच असाल तर दाबाचा डबा नको, तोटीची किंवा थेंबाची बाटली घ्या. थेंबाची उत्तम, कारण बोळ्यावरच तर घ्यायचं आहे. घटक वाचा, जेन्शियन व्हायोलेट नको असेल तर निळ्या खाद्यरंगाचे, साध्या जंतुनाशकाचे स्प्रेही बघायला मिळतात. पक्ष्यांना चालेल असं स्पष्ट लिहिलेलं नसेल आणि वर डांबराचा किंवा टी-ट्री तेलाचा वास येत असेल तर परत ठेवा. माझ्या बाटलीची तोटी पहिल्या वापरानंतरच रंग सुकून तुंबली. आता वापर झाला की ती काढून गरम पाण्यात टाकते, आणि बाटली साध्या झाकणाने बंद करते. झाकण वेगळं मिळत नाही. दुसऱ्या कुठल्या तरी बाटलीचं बसतंय का ते बघावं लागतं.